साबणाची वडी, हिशेबाची वही

"पोराला साबण करायला शिकवून पुढे साबणवाला करायचा आहे का?" कळंब्यात मुलांसाठी साबणाचा वर्ग घ्यायचे ठरले, तेव्हा एका पालकाने हा प्रश्न विचारला. गृहस्थ गवंडीकाम करतात. पहाटे डबा बांधून निघतात, अंधार पडल्यावर घरी येतात, आणि मुलाने आयुष्यात थापी हातात धरू नये एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. ही काळजी रास्त आहे, म्हणून आधी तिच्याविषयी बोलू.

आपल्या समाजाला हातकामाचे कौतुक सांगायला कुणी आले की मन सावध होते. ते सावध व्हायलाच हवे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाट्याला हातकामच होते आणि अक्षर दुसऱ्यांच्या वाट्याला. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथे गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण ही योजना मांडली आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा असेही सुचवले. कल्पना कितीही थोर म्हटली, तरी जो बाप स्वतः हाताने राबतो त्याला वाटणारच, की ज्यांची मुले मास्तर आणि मामलेदार होणार ती होतीलच, टकळी मात्र आमच्या पोराच्या हातात राहील.

याच प्रश्नाचा विचार आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माणसाने वेगळ्या अंगाने केला. जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा, आणि १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. या आयोगाने 'कार्यानुभव' हा विषय सर्व शाळांतल्या सर्व मुलांसाठी सुचवला. गरिबाच्या मुलाला धंदा आणि श्रीमंताच्या मुलाला पुस्तक अशी वाटणी त्यात नव्हती. पुढे या विषयाचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. पुष्कळ घरांत कार्यानुभव म्हणजे आदल्या रात्री बाजारातून आणलेली खडूची पेटी, नाही तर आईने रात्री जागून केलेली कागदाची फुले. वस्तू शाळेत जमा होते, शेरा मिळतो आणि मुलाला कशाचाच अनुभव येत नाही.

आमच्या वर्गाची रचना या दोन्ही गोष्टी समोर ठेवून केली. साधारणपणे कारखान्यात असो की शेतात, काम लहानांकडे आणि हिशेब मोठ्यांकडे असतो. आम्ही ते उलटे केले. धोक्याचे काम मोठ्यांनी करायचे. वजन, गणित, नोंद, निरीक्षण आणि किंमत ठरवणे हे मुलांनी करायचे. प्रत्येक मुलाला शंभर पानी वही दिली. साबणाची वडी महिन्याभरात विरघळून जाईल, वही राहील.

साबणच का निवडला, असे कुणी विचारील. मेणबत्ती आहे, अगरबत्ती आहे, कागदी पिशव्या आहेत. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत साताऱ्यातल्या बालपणाविषयी लिहिले आहे. त्यांच्या घरचे कपडे बहिणी धूत. गावात परीट नव्हता असे नाही, त्याला द्यायला पैसे नव्हते असेही नाही. पण अस्पृश्याचे कपडे धुवायला कुणी परीट तयार नव्हता. भावांचे केसही थोरली बहीणच कापी. शाळेत बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. पाणी पाजायला शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. ज्यांना पाणी दिले नाही, ज्यांचे कपडे धुतले नाहीत, त्यांनाच पुन्हा घाणेरडे म्हणायचे असा हा न्याय होता. म्हणून तर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा त्यांनी नेसण्याची रीत, अंगावरचे दागिने आणि घरची टापटीप या गोष्टींना हात घातला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी स्वच्छ राहायला शिका, असेच सांगितले. आपल्या आज्यांनी ते ऐकले. दोनच लुगडी, पण धुतलेली, अशी घरे माझ्या पिढीने पाहिली आहेत. साबणाच्या वडीला आपल्याकडे हा इतिहास आहे. तो मुलांना पाच मिनिटांत सांगून होतो, मग तराजू पुढे घ्यायचा.

आता प्रत्यक्ष वर्ग. कळंबा म्हटले की बाहेरच्यांना तलाव आठवतो, नाही तर मध्यवर्ती कारागृह. आता वस्ती वाढत वाढत कोल्हापूर शहराला चिकटली आहे. रविवारी सकाळी, पाचवी ते नववीची मुले, एका वेळी आठच. आठांवर दोन मोठी माणसे हवीतच. आम्ही गाळलेल्या प्रश्नांची यादी भिंतीला लावली नाही, की फळ्यावर व्याख्या लिहिली नाही. पहिल्या दिवशी साबण केलाच नाही. मुलांना घरून साबणांची वेष्टने आणायला सांगितली आणि त्यावरचा बारीक मजकूर वाचायला लावला.

हा तास सर्वांत रंगला. वेष्टनावर कुठे तरी 'टी.एफ.एम.' म्हणून टक्केवारी असते. साबणात तेलापासून आलेला ऐवज किती, ते त्यावरून कळते. भारतीय मानकाप्रमाणे अंगाच्या साबणात ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिली प्रत, ७० पासून दुसरी, ६० पासून तिसरी. त्याहून कमी असणाऱ्या काही वड्या 'बाथिंग बार' म्हणून विकल्या जातात. दुकानात आपण चित्र बघतो, वास बघतो. एका मुलाने घरी जाऊन आईच्या यादीतला साबण बदलायला लावला म्हणे. मला यात वर्गाचे अर्धे काम झाल्यासारखे वाटले.

दुसऱ्या रविवारी तीन सोडे मांडले: खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कास्टिक सोडा. तिन्ही पांढरे. पहिला भजीत पडतो, दुसरा कपड्यांना लागतो, तिसरा कातडी जाळतो. तिसऱ्याची बाटली बंदच ठेवली होती. मग हळदीचे पाणी घेतले. त्यात साबणाचे पाणी टाकले की ते लालसर होते, वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळे होते. सदऱ्यावर पडलेला आमटीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे कोडे प्रत्येक घरात रोज पडते. त्याचे उत्तर मुलांनी स्वतः शोधले: साबण क्षारधर्मी आहे.

तेल आणि कास्टिक एकत्र आले की दोघांचेही मूळ रूप जाते, आणि साबण व ग्लिसरीन या दोन नव्या वस्तू तयार होतात. हे माणसाला हजारो वर्षे करता येत होते, पण आत काय घडते ते माहीत नव्हते. फ्रान्समधल्या शेव्हरल नावाच्या शास्त्रज्ञाने तेल-चरबीची फोड करून दाखवली. त्याचा ग्रंथ १८२३ सालचा. साबणाच्या सूक्ष्म कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. म्हणून तेलकट मळ पाण्याबरोबर निघून जातो. २०२० साली करोनात हात धुवा, हात धुवा असे सगळे ओरडत होते, त्याचे कारणही हेच. त्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, साबण ते फोडतो.

तिसऱ्या रविवारी साबण. गणित मुलांचे. प्रत्येक तेलाला लागणारा कास्टिक वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. आम्ही खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगदाणा तेल १५० आणि एरंडेल ५० घेतले. गुणाकार करून बेरीज ८१.७ आली. त्यातून ५ टक्के वजा केले, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहील पण कास्टिक शिल्लक राहणार नाही. उरले ७७ ग्रॅम आणि थोडे दशांश. दशांश सोडून दिले. पाणी १८० ग्रॅम. जी मुले शाळेत शेकडेवारीला घाबरतात, ती इथे तीन-तीनदा ताळा करत होती, कारण चूक झाली तर वडी अंगाला लागणार आहे हे त्यांना कळले होते. काट्यावर भांडे ठेवून शून्य न करताच एकाने तेल ओतायला घेतले, तर शेजारच्या मुलीने त्याचा हात धरला. आम्हाला बोलावे लागले नाही.

इथून पुढे मुले दोरीच्या पलीकडे. हा भाग जपून वाचावा. कास्टिक पाण्यात टाकायचा, थोडा थोडा करून. कास्टिकवर पाणी कधीही ओतायचे नाही, ते उसळून तोंडावर येते. मिश्रण एकदम कढत होते आणि वाफ घशाला लागते, म्हणून काम उघड्यावर करावे. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे. ॲल्युमिनियमचे पातेले चालत नाही, कास्टिक त्याला खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. हातमोजे, गॉगल, पायात बूट, लांब बाह्या. अंगावर थेंब उडालाच तर लिंबू, व्हिनेगर असले काही चोळू नये. वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे तरी धरावे. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत-धूतच दवाखाना गाठावा. आणि उरलेला कास्टिक पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून मोरीत ठेवू नये. घरात लहान पोर असेल तर ही एक सवय जीव घेऊ शकते. कुलपात ठेवा, नाही तर आणूच नका.

द्रावण कोमट झाल्यावर तेलात धार धरायची आणि ढवळत राहायचे. मिश्रण पातळ श्रीखंडासारखे झाले आणि चमच्याची रेघ वर उमटून राहिली की साचात ओतायचे. साचा म्हणजे आत प्लॅस्टिकचा कागद लावलेला पुठ्ठ्याचा खोका. वर जुनी चादर गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून कापायचे. सात वड्या निघाल्या.

मुलांना वाटले, झाले. पण खरी परीक्षा त्यानंतर आहे. वड्या वाऱ्याला चार ते सहा आठवडे सुकू द्याव्या लागतात. दर रविवारी प्रत्येक वडीचे वजन करून वहीत लिहायचे. वजन आधी भराभर उतरते, मग सावकाश, मग थांबते. सातवीतल्या मुलांनी त्याचा आलेख काढला. दोन मिनिटांत चित्र बदलणाऱ्या मोबाईलच्या दिवसांत सहा आठवडे एका वडीकडे बघत राहणे सोपे नाही. दोघे मधेच गळाले, पण वड्या वाटायच्या दिवशी पुन्हा हजर! एक व्यवहाराची गोष्ट: कोल्हापूरच्या पावसाळ्यात हा उद्योग करू नये. हवेत ओल असली की ग्लिसरीन पाणी ओढते आणि वड्यांना घाम येतो. मार्च-एप्रिल उत्तम.

मधल्या एका रविवारी दोन बाटल्या घेतल्या. एकीत नळाचे पाणी, दुसरीत बोअरचे. सारखाच साबण किसून टाकला, सारख्याच वेळा हलवल्या आणि पट्टी लावून फेस मोजला. बोअरच्या पाण्यात फेस कमी आणि वर पांढरी साय. त्या पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात. बोअरच्या पाण्यावर धुणे धुणाऱ्या बाईला साबण जास्त लागतो तो तिच्या हाताच्या सढळपणामुळे नव्हे, हे एका मुलीने घरी आजीला सांगितले. आजी म्हणाली, हे मला कधीच माहीत होते, तुझ्या आजोबाला सांग.

आता माझा विषय. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि कारकुनीत अर्धे आयुष्य गेलेले. हिशेबाचा तास मी स्वतःकडे ठेवला. हिशेबासाठी गोल आकडे धरले: खोबरेल किलोला ४०० रुपये, बाकी दोन्ही तेले २०० रुपये, कास्टिक १०० रुपये. खोबरेलाचे १२०, शेंगदाण्याचे ३०, एरंडेलाचे १०, कास्टिकचे ८, वास आणि कागद मिळून १२. एकूण १८० रुपये, सात वड्या, वडीमागे पावणेसव्वीस. मुले खूश झाली. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "तुमची दोघांची मजुरी कुठे लिहिली?"

मी ती मुद्दामच लिहिली नव्हती. कुणी विचारते का ते पाहायचे होते. दोन माणसे, दोन-दोन तास, ताशी पन्नास रुपये धरले तर २०० रुपये. १८० चे ३८० झाले आणि वडी ५४ रुपयांवर गेली. मग बराच वेळ शांतता होती. एक मुलगा म्हणाला, आईचे काम कुणीच लिहीत नाही. दुसरा म्हणाला, मग दुकानात एवढा स्वस्त साबण मिळतो कसा? ही दोन वाक्ये पाठ्यपुस्तकातून निघाली नसती.

स्वस्त मिळतो त्याची कारणे आहेत. कारखाना तेल टँकरने घेतो, आपण बाटलीने. तो बहुतेक पामतेल वापरतो, जे इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. साबणातून निघालेले ग्लिसरीन तो वेगळे काढून विकतो. आपल्या वडीत ते राहते, म्हणून ती अंगाला मऊ लागते. हे सांगताना मला एका गोष्टीचा राग येतो, तो लपवत नाही. 'घरबसल्या साबण करा, महिन्याला हजारो कमवा' असे सांगून बचत गटाच्या बायकांकडून प्रशिक्षणाची फी घेणारे लोक वस्त्यांतून फिरतात. त्यांच्या हिशेबात मजुरी कायम शून्य असते. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो, हेही ते सांगत नाहीत.

धंदा होतच नाही असे मात्र मुलांना सांगितले नाही. करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या खनिज खात्यात रसायनतज्ज्ञ होते. १९६९ साली त्यांनी अहमदाबादला घराच्या परसात धुण्याची पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. तीच पुढे 'निरमा' झाली. परदेशी कंपनीची पावडर किलोला तेरा रुपये होती, तेव्हा त्यांची तीन रुपये. पण त्या माणसाकडे रसायनशास्त्राची पदवी होती, हे मी फळ्यावर दोनदा अधोरेखित केले. गवंडीकाम करणाऱ्या त्या पालकांना द्यायचे माझे उत्तर त्या अधोरेखेत होते. हातात वडी येते, तिच्यामागे पदवी असते.

दुसरा प्रश्न विक्रीचा. आपण केलेला साबण कोण घेईल? आठवीतल्या एका मुलाने तो हळूच विचारला, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. उत्तर म्हणून गंगाराम कांबळे यांची गोष्ट सांगितली. ते राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला त्यांचे चहाचे 'सत्यसुधारक हॉटेल' उभे राहिले. गिऱ्हाईक येईना, तेव्हा छत्रपती स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. वर्गातल्या निम्म्या मुलांनी त्या रस्त्याने शेकडो वेळा बस पकडली आहे. त्यांना हे ठाऊक नव्हते.

आम्ही वड्या विकल्या नाहीत. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्याची बंदी २०१६ च्या दुरुस्तीनंतर अधिक कडक झाली आहे. आणि कायदा नसता तरीही मुलांच्या वर्गाचे दुकान करायचे नाही, हे ठरलेलेच होते. वड्या आठ घरांत गेल्या. सात वड्या आणि आठ घरे, तेव्हा एका वडीचे दोन तुकडे करून वाटावे लागले. ते वजन करूनच केले.

दुसऱ्या वस्तीत कुणाला असा वर्ग काढायचा असेल आणि कास्टिक हाताळलेले माणूस जवळ नसेल, तर तयार साबणाचा पाया विकत मिळतो. तो गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून, रंग-वास घालून साचात ओतता येतो. शहरातल्या छंदवर्गांत बहुधा एवढेच शिकवतात. तो साबण करणे नव्हे, पण तिसरी-चौथीच्या मुलांना तेवढे पुरे. मोठ्या मुलांसाठी मात्र विज्ञानाचे शिक्षक किंवा रसायनशास्त्र शिकलेला कुणी तरुण गाठावा. आपल्या वस्त्यांतून आता असे तरुण सापडतात. काटा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा घ्यावा, भाजीवाल्याचा नको. आणि वहीत मजुरीचा रकाना पहिल्याच दिवशी आखून ठेवावा.